बालकॅन्सरच्या आनुवंशिकतेत डॉक्टर-संशोधक व्हायचंय? सुरुवात कुठून करायची, कुठे जपायचं

"पेशंटही बघायचेत आणि संशोधनही करायचंय, मग एमडीनंतर नेमकं काय करू?" हा प्रश्न घेऊन येणारी तरुण डॉक्टर मंडळी हल्ली वाढली आहेत. त्यातल्या काहींना मुलांच्या कॅन्सरमध्ये रस असतो, काहींना जनुकशास्त्रात. दोन्ही एकत्र करता येतं, त्यातून आयुष्यभराचं काम उभं राहतं, हे मात्र आपल्या कॉलेजांत सहसा कुणी सांगत नाही. मी या वाटेने गेले आहे. कुठे वळायचं, कुठे थांबायचं, कुठे कागद अडतो हे आधी ठाऊक असतं तर बराच वेळ वाचला असता. म्हणून हे लिहितेय.

आधी कामाचं स्वरूप समजून घ्या. आठवड्यातले काही दिवस ओपीडी आणि वॉर्ड, उरलेले लॅबमध्ये किंवा संगणकासमोर. समोरचं मूल तीन वर्षांचं असतं, पण पेशंट असतं सगळं कुटुंब. २०१५ साली अमेरिकेतल्या सेंट ज्यूड रुग्णालयाच्या पथकाने कॅन्सर झालेल्या १,१२० मुला-तरुणांचे जनुक तपासले, तेव्हा ८.५ टक्के जणांत कॅन्सरकडे झुकवणारा जन्मजात बदल सापडला. म्हणजे साधारण बारात एक. मोठ्या बालकॅन्सर विभागात असं मूल दर आठवड्याला दारातून आत येतं. त्याला ओळखणारं कुणी तिथे असतं का, हा खरा प्रश्न आहे.

१. पदवी नंतर, प्रश्न आधी

बहुतेक जण उलटं करतात. आधी डीएम (एमडीनंतरची अतिविशेष पदवी), मग पीएचडी, मग परदेश, आणि इतकं झाल्यावर "आता कशावर काम करू?" तुम्ही प्रश्न ओपीडीतूनच उचला.

या विषयाचा पायाच तसा घातला गेला. आल्फ्रेड नड्सन हे बालरोगतज्ज्ञ. एमडी झाल्यावर त्यांनी कॅलटेकमधून पीएचडी केली. १९७१ मध्ये त्यांनी रेटिनोब्लास्टोमाच्या, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या कॅन्सरच्या, ४८ रुग्णांच्या नोंदी घेतल्या. दोन्ही डोळ्यांत गाठी असलेली मुलं लहान वयातच का येतात आणि एकाच डोळ्यात असलेली उशिरा का, याचं गणित मांडलं आणि त्यातून 'दोन आघातां'ची कल्पना पुढे आली: एक बदल जन्मतः मिळालेला, दुसरा नंतर घडलेला. आरबी१ जनुक हाती लागलं ते पुढे १९८६ मध्ये. फ्रेडरिक ली आणि जोसेफ फ्रॉमेनी यांनी १९६९ मध्ये स्नायूंच्या कॅन्सरच्या ६४८ मुलांचे कागद चाळले. त्यात चार कुटुंबं अशी निघाली की भावंडांना सार्कोमा (स्नायू, हाडं अशा ऊतींचा कॅन्सर) आणि तरुण आयांना स्तनाचा कॅन्सर. त्या कुटुंबांमागचं टीपी५३ जनुक १९९० साली सापडलं. दोन्ही ठिकाणी पहिलं साहित्य काय होतं? केसपेपर.

केसपेपर तुमच्याही रेकॉर्ड रूममध्ये पडलेले आहेत.

२. एमबीबीएसला असाल तर

आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, विद्यार्थ्यांसाठी अल्पकालीन संशोधन योजना असते, सगळे तिला एसटीएस म्हणतात. कॉलेजमधलाच एक मार्गदर्शक, दोन महिन्यांचं काम, शेवटी अहवाल. विषय छोटा ठेवा: "आमच्याकडे गेल्या काही वर्षांत आलेल्या रेटिनोब्लास्टोमाच्या मुलांपैकी किती जणांच्या केसपेपरवर कौटुंबिक इतिहास नीट लिहिलेला आहे?" एवढंही पुरतं. उत्तर काय येणार याचा अंदाज मला आहे, पण ते तुम्ही आकड्यांत मांडलंत तर विभागाचा फॉर्म बदलू शकतो.

सोबत थोडं संख्याशास्त्र, 'आर' किंवा पायथन ही संगणकाची भाषा, आणि लिनक्सची तोंडओळख करून घ्या. पुढे जनुकांचा डेटा हातात आल्यावर प्रत्येक गोष्टीसाठी दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागत नाही.

३. एमडी आणि डीएम: फाटा कुठे फुटतो

एमडी बालरोग हा सगळ्यात सरळ रस्ता. त्यानंतर दोन फाटे आहेत.

पहिला डीएम किंवा डीआरएनबी (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची डीएमच्या तोडीची पदवी) बालकॅन्सर. मुंबईत टाटा मेमोरियल, दिल्लीत एम्स, शिवाय डीआरएनबी देणारी मोठी खाजगी रुग्णालयं. इथे तुम्ही आधी कॅन्सरचे डॉक्टर होता, आनुवंशिकता नंतर शिकता. दुसरा डीएम मेडिकल जेनेटिक्स. लखनौचं एसजीपीजीआय, दिल्लीचं एम्स यांसारख्या मोजक्या ठिकाणी जागा आहेत. इथे जनुकशास्त्र पक्कं होतं, पण कॅन्सरची मुलं कमी दिसतात.

माझं मत विचाराल तर, केमोथेरपी देताना, गाठीवर निर्णय घेताना तुम्हाला स्वतः हजर राहायचं असेल तर पहिला फाटा घ्या. कुटुंबाच्या निदानात आणि समुपदेशनात जीव रमत असेल तर दुसरा. पहिल्याने गेलात तर जनुकशास्त्राच्या विभागात काही महिने मुद्दाम मागून घ्या. दुसऱ्याने गेलात तर बालकॅन्सरच्या वॉर्डात.

हिशेब आधीच मांडून ठेवा. एमबीबीएस साडेपाच वर्षं, एमडी तीन, डीएम तीन. त्यात बाँड. महाराष्ट्रातल्या सरकारी कॉलेजात एमबीबीएसनंतर आणि एमडीनंतरही सेवेचं बंधपत्र असतं, दुसऱ्या राज्यातली जागा घेतली तर तिथले नियम आणि रक्कम वेगळी. जागा निवडताना मुलं कट-ऑफ बघतात, बाँड बघत नाहीत, आणि मग फेलोशिप हातात असूनही मूळ कागदपत्रं कॉलेजात अडकून पडतात. वर पीएचडी धरली तर स्वतःचं काम सुरू होईतो पस्तिशी ओलांडते. हे घरी स्पष्ट सांगा. "अजून शिकतेयस?" हा प्रश्न दर दिवाळीला येणार आहे, त्याची तयारी घरच्यांचीही हवी.

४. वंशवेल काढायला शिका (यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा)

जनुकांचा क्रम वाचणारं सीक्वेन्सिंग मशीन कुणीही चालवेल. तीन पिढ्यांची वंशवेल नीट काढणं हे मात्र डॉक्टरचं काम आहे आणि ते घाईच्या ओपीडीत होत नाही.

"घरात कुणाला कॅन्सर आहे का?" असं विचारलंत की उत्तर "नाही" येतं. मान डोलावून फॉर्म भरू नका. एकेका नात्याचं नाव घ्या. आईला भावंडं किती? मामा आहेत? मावश्या? कुणी लहानपणी गेलं? कशाने? मग वडिलांकडे वळा: आत्या, चुलते, त्यांची मुलं. "पोटात गाठ होती", "पाय कापावा लागला", "डोक्यात ताप गेला", "डोळा लहानपणी गेला, खेळताना लागलं होतं" ही उत्तरं जशीच्या तशी लिहून घ्या. त्यातला "डोळा गेला" हा आजोबांचा रेटिनोब्लास्टोमा असू शकतो. आजोबा सोबत आले असतील तर त्यांना काळा चष्मा काढायला सांगा. आजोबा गावाला असतील तर फोन लावायला सांगा, गावाकडची एखादी आत्या सगळ्या घराण्याचं सांगते. आणि रेटिनोब्लास्टोमाच्या प्रत्येक मुलाच्या आई-वडिलांच्या डोळ्यांचा पडदा बाहुली मोठी करून बघून घ्या. आपोआप विरलेल्या जुन्या गाठीचा व्रण कधी कधी त्यांच्यात सापडतो आणि त्यांना स्वतःला त्याचा पत्ताही नसतो.

नात्यातल्या लग्नाबद्दल जरूर विचारा. मामाची मुलगी करण्याची पद्धत आपल्याकडे अनेक समाजांत आहे. मेंदूत गाठ, अंगावर दुधाळ कॉफीच्या रंगाचे डाग आणि आई-वडील नात्यातले, असं मूल दिसलं तर डीएनएच्या दुरुस्तीची जनुकं दोन्ही बाजूंनी बिघडल्याची शंका घ्यायची. याला सीएमएमआरडी म्हणतात. डाग पाहून नुसतं न्यूरोफायब्रोमॅटोसिस (असेच डाग देणारा दुसरा आनुवंशिक आजार) लिहून मोकळं होणं ही इथली नेहमीची गफलत. फरक मोठा आहे, कारण त्या मुलाचे उपचार बदलू शकतात आणि त्याच्या भावंडांना धोका चारात एक असतो.

वंशवेल कोरी निघाली म्हणून चाचणी टाळू नका. वर सांगितलेल्या सेंट ज्यूडच्या अभ्यासात बदल सापडलेल्या ज्या मुलांचा कौटुंबिक इतिहास उपलब्ध होता, त्यातल्या ४० टक्के मुलांच्याच घरात कॅन्सर होता. कोणत्या जनुकाची शंका घ्यायची, हे काही गाठी स्वतःच सांगतात: अधिवृक्क ग्रंथीच्या बाह्य भागाचा कॅन्सर किंवा मेंदूतला कोरॉइड प्लेक्सस कार्सिनोमा म्हणजे टीपी५३, फुप्फुसातला प्ल्यूरोपल्मनरी ब्लास्टोमा म्हणजे डायसर१, लहान बाळातला ऱ्हॅब्डॉइड ट्यूमर म्हणजे स्मार्कबी१. ही यादी पाठ असू द्या.

आणि एक फार जपायची गोष्ट. अहवाल सांगताना दालनात कोण कोण बसलंय ते बघा. "हा बदल आईकडून आलाय" हे वाक्य सासूसमोर उच्चारलं की त्या बाईचं घरातलं जगणं बदलतं. आई-वडील दोघांनाच आत घ्या. कुणाचाही दोष नाही, हे जनुक निवडून कुणी देत नाही, कित्येकदा ते दोघांकडूनही आलेलं नसतं, मुलातच नव्याने घडलेलं असतं, हे आधी सांगा, नंतर कागद उघडा. मोठ्या घरात कुणाला किती सांगायचं हे ते दोघं ठरवतील. तुम्ही फक्त एवढं पटवून द्या की मावशीच्या किंवा काकाच्या मुलांसाठी ही माहिती जीव वाचवणारी ठरू शकते.

५. नमुना आणि अहवाल: इथे नवखे फसतात

डीएनएसाठी रक्त जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत. हिरव्या झाकणाची हेपॅरिनची नळी क्रोमोझोम कल्चरला. डीएनएच्या प्रती काढणाऱ्या पीसीआर चाचणीत हेपॅरिन अडथळा आणतं. वॉर्डातल्या सिस्टरांना हे एकदा नीट सांगून ठेवलं की नमुने परत येत नाहीत.

ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या, मुलाचं रक्त घेऊन जन्मजात बदल शोधायला जाऊ नका. त्या रक्तात कॅन्सरच्याच पेशी असतात, सापडलेला बदल जन्मजात की फक्त कॅन्सरमधला, हे कळत नाही. थुंकी किंवा गालाच्या आतला स्वॅबही खात्रीचा नाही, त्यात पांढऱ्या पेशी मिसळतात. त्वचेचा छोटा तुकडा घेऊन त्यातल्या फायब्रोब्लास्ट पेशी वाढवणं हा पक्का मार्ग. मुलाला बोन मॅरोसाठी भूल दिलेली असतानाच तो तुकडा घ्यायचा, म्हणजे दुसऱ्यांदा टोचावं लागत नाही. त्याची संमती मात्र आधीच, शांतपणे घेतलेली हवी. पेशी वाढायला काही आठवडे जातात, हेही पालकांना सांगून ठेवा.

सीक्वेन्सिंग 'निगेटिव्ह' आलं म्हणून फाइल बंद करू नका. जनुकाचा मोठा तुकडाच गळाला असेल तर साध्या सीक्वेन्सिंगमध्ये तो निसटू शकतो, त्यासाठी एमएलपीएसारखी चाचणी लागते. रेटिनोब्लास्टोमात बदल शरीराच्या काहीच पेशींत असू शकतो, म्हणून जमेल तेव्हा गाठीचा नमुनाही तपासायचा. दोन्ही डोळ्यांत गाठी असतील तर आजार आनुवंशिकच समजायचा, एकाच डोळ्यात असली तरी साधारण १५ टक्के मुलांत जन्मजात बदल निघतो.

अहवालावरचा 'व्हीयूएस' हा शब्द म्हणजे अर्थ अनिश्चित असलेला बदल. त्यावरून उपचार ठरवायचे नाहीत, भावंडांची चाचणी करायची नाही, गर्भाची तर नाहीच. बदलांचे निरुपद्रवी ते रोगकारक असे पाच वर्ग करण्याची एसीएमजी या अमेरिकेतल्या जनुकतज्ज्ञांच्या संस्थेची २०१५ ची पद्धत स्वतः हाताने वापरून शिका. क्लिनव्हार आणि नोमॅड हे जनुकबदलांचे खुले ऑनलाइन संग्रह उघडून दहा-वीस बदल स्वतः वर्ग करा, मग लॅबच्या अहवालाशी ताडून बघा. आपल्या लोकांसाठी एक जास्तीची पायरी आहे: नोमॅडमध्ये भारतीय समाजांचे नमुने अपुरे आहेत. तिथे दुर्मीळ दिसणारा बदल आपल्याकडे सरसकट असू शकतो. म्हणून इंडिजीनोम्सचा १,०२९ भारतीयांचा डेटाही बघा.

चाचणी करायची कशासाठी, हे पालकांना एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. टीपी५३ निघालं तर शक्य तिथे रेडिओथेरपी टाळायची, कारण त्याच जागी नवा कॅन्सर उगवू शकतो. टोरांटोत आखलेल्या पद्धतीनुसार दर तीन-चार महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी, वर्षातून एकदा मेंदूचा आणि सगळ्या अंगाचा एमआरआय करत राहायचं. आरबी१ चा बदल धाकट्या बहिणीत नाही असं कळलं तर तिची भूल देऊन होणारी वारंवार तपासणी थांबते. हा दिलासा मी पालकांच्या चेहऱ्यावर पाहिला आहे आणि या कामावरचा माझा विश्वास त्यातूनच आला.

इथेच तुमच्या संशोधनाचा प्रश्नही दडलेला आहे. नंदुरबारहून किंवा गडचिरोलीहून येणाऱ्या कुटुंबाला दर वर्षी सगळ्या अंगाचा एमआरआय कसा जमणार? जिल्हा रुग्णालयातल्या सोनोग्राफीवर किती भागेल? हे टोरांटोतलं कुणी शोधून देणार नाही.

६. पीएचडी आणि पैसा

पीएचडी लागेलच असं नाही, पण स्वतःची लॅब हवी असेल तर तिचा उपयोग होतो. मुंबईजवळ खारघरचं ॲक्ट्रेक हे टाटा मेमोरियल सेंटरचं संशोधन केंद्र, पदवी होमी भाभा राष्ट्रीय संस्थेची. टाटामध्ये कॅन्सर जेनेटिक्सचं क्लिनिकही आहे, तिथे निरीक्षक म्हणून बसायला मिळालं तर सोडू नका. डोळ्याच्या कॅन्सरच्या जनुकांसाठी मदुराईच्या अरविंदमधलं काम बघून या.

पैशासाठी आयसीएमआरच्या योजना आणि डॉक्टरांसाठी वेगळी फेलोशिप देणारं इंडिया अलायन्स यांची माहितीपत्रकं दर वर्षी नव्याने वाचा, नियम बदलतात. मार्गदर्शक निवडताना त्यांची प्रसिद्धी बघू नका, त्यांच्या आधीच्या डॉक्टर-विद्यार्थ्यांना फोन करा: ओपीडीसाठी सुटका मिळायची का? पेपरवर नाव पहिलं लागलं का?

पैसे घेऊन आठवड्यात छापून देणाऱ्या जर्नलांचे मेल येतील. उत्तर देऊ नका. पदोन्नतीच्या घाईत तिथे छापलेला पेपर पुढच्या प्रत्येक अर्जात आडवा येतो.

७. परदेशी जायचं असेल तर

अमेरिकेत पुन्हा बालरोगाची तीन वर्षं रेसिडेन्सी, मग बालरक्तरोग आणि कॅन्सरची तीन वर्षं फेलोशिप. म्हणून यूएसएमएलई (तिथल्या डॉक्टरी परवान्याची परीक्षा) द्यायची तर डीएमच्या आधीच ठरवा. त्या परीक्षेची पहिली पायरी २०२२ पासून फक्त पास-नापास आहे, त्यामुळे दुसऱ्या पायरीच्या गुणांना आणि संशोधनाला वजन आलंय.

दोन गोष्टी आधीच माहीत असू द्या. जे-१ व्हिसावर गेलात तर प्रशिक्षणानंतर दोन वर्षं मायदेशी परतायचं किंवा सूट मिळवायची, असा नियम आहे. शिवाय त्या व्हिसासाठी आपल्या आरोग्य मंत्रालयाचं पत्र लागतं, त्याला वेळ लागतो. आणि तिथल्या डॉक्टर-संशोधकांचा मुख्य आधार असलेलं के०८ अनुदान फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांना मिळतं. के९९ या दुसऱ्या अनुदानाला ही अट नाही.

८. नैतिक परवानग्या

काम सुरू करण्याआधी एथिक्स कमिटीची मंजुरी, नंतर नाही. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांच्या संमतीबरोबर ७ ते १२ वर्षांच्या मुलाची तोंडी आणि १२ ते १८ ची लेखी सहमती घ्यायची. फॉर्म मराठीत लिहा, आणि तो एखाद्या आजीला वाचून दाखवून बघा, कळतोय का. परदेशी संस्थेबरोबर काम असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते. गर्भजल परीक्षण पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान प्रतिबंधक) कायद्याखाली नोंदणी असलेल्या केंद्रातच. मोठ्या पॅनेलमध्ये मुलात बीआरसीए१ (स्तन आणि अंडाशयाच्या कॅन्सरशी जोडलेलं जनुक) सारखं प्रौढपणी त्रास देणारं काही निघालं तर सांगायचं की नाही, हे संमतीपत्रातच आधी ठरवून घ्या.

९. ही फाइल आजपासून बनवा

- दहावी-बारावीपासूनच्या गुणपत्रिका, पदव्या, इंटर्नशिप आणि बाँड पूर्ण झाल्याचे दाखले
- महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेची नोंदणी, एमडी-डीएमची वाढीव नोंद केलेली
- गुड क्लिनिकल प्रॅक्टिसचं (रुग्णांवरच्या संशोधनाच्या नियमांचं) प्रमाणपत्र, मुदत तपासून
- नोकरीत असाल तर ना-हरकत पत्र
- ओळखणाऱ्या तीन वरिष्ठांची नावं, ज्यांनी तुम्हाला काम करताना पाहिलंय
- पासपोर्ट

नावाचा घोळ सगळ्यात जास्त छळतो. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर क्रम वेगळा, लग्नानंतर मुलींच्या आधारवर आणखी वेगळा. परदेशी अर्जात हे सगळं जुळावं लागतं, नाव बदललं असेल तर राजपत्र जोडावं लागतं. मुलींनो, पेपर ज्या नावाने छापायला सुरुवात कराल तेच नाव शेवटपर्यंत ठेवा, लग्न झालं तरी. ऑर्किड (ORCID) हा संशोधकाची ओळख पटवणारा क्रमांक पहिल्या पेपरच्या आधीच काढा.

१०. पहिली नोकरी

मुलाखतीत पगाराआधी वेळेबद्दल बोला. अमेरिकेतलं के०८ अनुदान घेणाऱ्याला किमान ७५ टक्के वेळ संशोधनासाठी राखून ठेवावा लागतो. आपल्याकडे तसा नियम नाही. "बघू, जमवून घेऊ" असं तोंडी मिळालं तर ओपीडी तो वेळ खाऊन टाकते. आठवड्यातले कोणते दोन दिवस ओपीडी नाही, हे नेमणूकपत्रात लिहून घ्या. उणे ८० अंशांचा फ्रीझर आणि त्याला जनरेटरची जोडणी आहे का, नमुने कुणाच्या ताब्यात राहतील, समुपदेशकाची जागा मंजूर आहे का, हेही विचारा.

रुजू झालात की पहिल्या महिन्यात एक वही किंवा एक्सेल सुरू करा: चाचणी झालेलं प्रत्येक कुटुंब, सापडलेला बदल, आणि दोन फोन नंबर, एक आई-वडिलांचा, एक गावाकडच्या नातेवाइकाचा. आजचा व्हीयूएस चार वर्षांनी धोकादायक किंवा निरुपद्रवी ठरतो, आणि तेव्हा त्या घरी फोन करायचा असतो.